उसना बेडका

डॉक्टरांनी एक्स-रेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि बोटाने एक काळसर गोल दाखवला. “ही कॅव्हिटी. म्हणजे फुफ्फुसाला पडलेलं भोक. डाव्या बाजूला, वर. तुम्हाला टी.बी. आहे मास्तर.”

मी प्लेटकडे बघत राहिलो. माझ्या बरगड्या मला पहिल्यांदाच दिसत होत्या आणि त्या एवढ्या बारीक असतील असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, “घरी लहान मूल आहे?” मी म्हटलं, आहे, मुलगी आहे, नुकती चालायला लागली आहे. “मग आजपासून तिला जवळ घ्यायचं नाही. तुमच्या खोकल्यातून ते जंतू उडतात आणि लहान मुलांना लवकर धरतात. बेडका लागोपाठ तीन महिने साफ आला, की मग खुशाल मांडीवर घ्या.”

आदल्या संध्याकाळी शेवंता माझ्या पोटावर बसून माझ्या मिशा ओढत होती. मला आधी तेच आठवलं, मरणबिरण नंतर.

हे सगळं लिहून ठेवतो आहे ते ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांच्यासाठी. औषधं डॉक्टर सांगतील, पथ्य सिस्टर सांगतील. पण मला जे भोगावं लागलं ते आजाराने कमी आणि माझ्या माणसांनी जास्त भोगायला लावलं, आणि ते कुठला डॉक्टर सांगणार नाही. बोलणं कडू वाटलं तर वाटू द्या. पी.ए.एस. नावाच्या पुड्या मी दोन वर्षं गिळल्या आहेत, त्यापेक्षा कडू काही नसतं.

आम्ही ढिवर. नागभीडपासून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावापेक्षा मोठा आमचा तलाव. आजा, बाप, थोरला भाऊ सगळे जाळ्यावर जगलेले. मी एकटाच शाळेत गेलो आणि मास्तर झालो. तरी सुटीच्या दिवशी भावाबरोबर पाण्यात उतरायचो. जाळं कुठे बुंध्यात अडकलं की बुडी मारून सोडवायला मीच. माझा दम गावात नावाजलेला होता.

त्या वर्षी तो दम पुरेना. बुडी मारली की बुंध्यापर्यंत हात जाण्याआधीच छाती फुटायला लागायची. भाऊ हसायचा, “मास्तरकीनं फुफ्फुस मऊ झाला तुहा.” मीही हसलो. मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला, मग खोकला. धानाची मळणी चालू होती, मी म्हटलं धूळ गेली असेल. एक दिवस वर्गात पाढे म्हणवून घेताना ठसका लागला आणि रुमालावर रक्त आलं. पोरं पाढा म्हणत राहिली. मी रुमाल खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला गाडीत बसलो.

बायकोचं नाव तुळसा. तिच्याबद्दल पुढे बरंच लिहावं लागणार आहे. म्हणून आधीच सांगतो, त्या दिवसापर्यंत तिने मला एक शब्द खोटा सांगितलेला मला माहीत नव्हता.

क्षयाचा वॉर्ड मुख्य दवाखान्यापासून लांब, शहराच्या कडेला होता. एक लांबलचक ओसरी, तिच्यात ओळीने खाटा, समोर चिंचेचं झाड आणि त्याच्या पलीकडे रुग्णांच्या बायाबापड्यांनी चुली मांडलेली एक टिनाची पडवी. सिस्टर एक, वॉर्डबॉय एक, खाटा भरपूर. त्यामुळे रुग्णाचं सगळं त्याच्या माणसाने करायचं अशीच तिथली रीत. तुळसा शेवंताला माझ्या वहिनीकडे ठेवून आली आणि त्या पडवीत राहिली. मूल तिकडे, नवरा इकडे. रोज पहाटे तिचे डोळे सुजलेले असायचे, चुलीच्या धुराने असं ती म्हणायची.

उपचार असे होते. एक स्ट्रेप्टोमायसिनची सुई. हे नवं औषध जंतूंना मारतं, पण कानात भणभण होते आणि चालताना तोल जातो. दुसरं पी.ए.एस. आणि तिसरं न्यूमोथोरॅक्स, ज्याला आम्ही वॉर्डात नुसतं ‘हवा’ म्हणायचो. बरगड्यांच्या मधून जाड सुई घालून फुफ्फुसाच्या बाहेर हवा सोडतात. त्या हवेने फुफ्फुस दाबलं जातं, त्याला विश्रांती मिळते आणि भोक मिटतं. निदान मिटावं अशी अपेक्षा असते.

माझी हवा धरली नाही. माझं फुफ्फुस छातीला चिकटलेलं होतं, ते दबेचना. डॉक्टरांनी दोनदा करून पाहिलं, दुसऱ्या वेळी माझा जीव घाबरा झाला, आणि मग त्यांनी सुई बाजूला ठेवली.

स्पुटम टेस्ट म्हणजे बेडक्याची तपासणी. प्रत्येकाला झाकणाचा एक डबा दिलेला, त्यावर खाटेचा नंबर. महिन्यातून एकदा, पहाटे उठल्या उठल्या खोलातून खोकून त्यात बेडका टाकायचा. लाळ चालत नाही, लाळेत काही सापडत नाही. तो डबा रुग्णाच्या माणसाने उचलायचा, आवार ओलांडून तपासणीच्या खोलीच्या खिडकीत नेऊन द्यायचा. आत काचेवर रंग लावून दुर्बिणीखाली जंतू बघायचे. जंतू दिसले तर बेडका खराब, नाही दिसले तर साफ.

आमचे डॉक्टर कामाला वाघ होते. पण त्यांची एक पद्धत होती. तपासणीचा निकाल ते राउंडला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे. साफ आला त्याला शाबासकी. खराब आला त्याची हजेरी. “पुड्या फेकून देतोस ना? चोरून बिडी ओढतोस? सरकार तुझ्यावर एवढं महागाचं औषध ओततं, आणि तू?” म्हातारी माणसं खाटेवर मान खाली घालून बसायची. मी मास्तर, त्यामुळे मला हे सगळं ओळखीचंच वाटलं. मला त्यात काही चूक दिसली नाही, हे खरं आहे.

शेजारच्या खाटेवर सोमाजी होता. सिंदेवाहीकडचा धानाचा शेतकरी, माझ्यापेक्षा वयाने मोठा, अंगाने काटक. त्याला हवा चांगली धरली होती. बेडका महिनोन्महिने साफ येत होता, तरी हवा भरण्यासाठी डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं होतं. खोकला मात्र जुनाट, सकाळी घसाभर बेडका पडायचाच. मी त्याला अक्षरं शिकवली. त्याने मला खाटेवर स्वस्थ पडून राहायला शिकवलं, जे अक्षरांपेक्षा अवघड आहे. “मास्तर, चिखलात पडला धान उठत नाई, तसं पडून राहा,” म्हणायचा. मी त्याला सोमाजीभाऊ म्हणायचो, आणि नुसतं तोंडाने नाही.

माझा बेडका खराबच येत राहिला. पावसाळा सरत आला तेव्हा राउंडला डॉक्टर माझ्या खाटेपाशी थांबले. आवाज चढवला नाही, ते जास्त भीतीचं होतं. म्हणाले, “मास्तर, हवा धरत नाही, सुईने भोक मिटत नाही. आता थोरॅकोप्लास्टी राहिली. म्हणजे त्या बाजूच्या वरच्या बरगड्या काढून टाकायच्या, म्हणजे छातीच खाली बसते आणि भोक दाबून बंद होतं. ते इथे होत नाही, लांब पाठवावं लागेल. पुढचाही बेडका खराब आला तर मी कागद करतो.”

तुळसा खाटेच्या पायाशी उभी होती. तिच्या माहेरच्या गावचा एक माणूस असाच बरगड्या काढायला गेला होता आणि परत आला तो गाडीत पांघरुणाखाली. ते प्रेत तिने लहानपणी पाहिलेलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती फक्त एवढंच म्हणाली, “बाप्पा, हाडं कायची काढतेत?” आणि पडवीकडे निघून गेली.

पुढचा बेडका साफ आला.

डॉक्टरांनी मला शाबासकी दिली तेव्हा मला अक्षरशः रडू फुटलं. सोमाजीने खाटेवरून हात लांब करून माझा हात दाबला. त्याच्या पुढचाही साफ आला, आणि त्याच्याही पुढचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, थोडं कपाळाला आठ्या घालून ऐकलं. प्लेट काढायला हवी म्हणाले, पण त्या दिवसांत प्लेटा संपल्या होत्या आणि ओसरीच्या पायरीवर दोन नवे रुग्ण खाट रिकामी होण्याची वाट बघत बसले होते. कागदावर सही झाली.

निघताना मी वॉर्डात पेढे वाटले. सोमाजीने पेढा कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि म्हणाला, “जा मास्तर. आता पोरीले मांडीवर घ्या.”

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. पेढा चावत चावत तो ते बोलला होता.

घरी गेलो. शेवंताने आधी मला ओळखलंच नाही, वहिनीच्या लुगड्याआड लपली. पण दोन-चार दिवसांत ती माझी झाली. सकाळी माझ्या ताटात जेवायची. रात्री माझ्या कुशीत, माझ्या तोंडापाशी तोंड आणून झोपायची. तलावातले शिंगाडे मी दाताने सोलून तिला भरवले. दाताने सोलून. तुळसा समोरच बसलेली असायची. कधी कधी ती एकदम उठून पोरीला माझ्याकडून ओढून घ्यायची, “तिले झोप येऊन राह्यली” म्हणायची, आणि पोर तर टक्क जागी असायची. मी चिडायचो. म्हणायचो, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तुझं काय मध्येच?

ती काही बोलायची नाही. बोलायला तेवढ्या वेळा संधी होती, आणि ती बोलली नाही.

खोकला तर होताच. तो पुन्हा वाढला. मी शाळेत रुजू झालो होतो, खडूची धूळ म्हणालो. माणूस स्वतःला समजावायला लागला की वकिलालाही मागे टाकतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवंताला ताप यायला लागला आणि तिच्या मानेला, कानाखाली, बोराएवढ्या गाठी आल्या. गावच्या वैदूने लेप दिला. गाठी वाढल्या. मग एका सकाळी मला खोकल्याबरोबर वाटीभर रक्त पडलं, लालभडक आणि फेसाळ. आम्ही तिघंही चांद्याला आलो.

डॉक्टर बदलून गेले होते. नवे डॉक्टर तरुण होते, बोलायला संथ. त्यांनी आधी मुलीची मान बोटांनी चाचपली. मग माझी प्लेट काढली, जुनी प्लेट कपाटातून शोधून आणली, आणि दोन्ही शेजारी शेजारी खिडकीत धरल्या. जुना गोल लिंबाएवढा असेल तर नवा मोसंब्याएवढा होता.

“मास्तर, तुमचे तीन बेडके साफ आले होते?”

“हो.”

“एवढ्या मोठ्या भोकातून तीन साफ बेडके येत नाहीत. एक एखाद वेळी येईल. तीन नाही.” मग रागाने नाही, साधेपणाने विचारलं, “डबा कोण नेऊन देत होतं?”

मी म्हटलं, “ही. माझी बायको.”

तुळसा शेवंताला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. ती तिथेच खाली बसली. पोरीला छातीशी घट्ट धरून बसली आणि म्हणाली, “मी बदलवला. मीनं बदलवला, डॉक्टरसायेब. ह्याईले कायी मालूम नोतं.”

मग सगळं बाहेर आलं. डबा घेऊन ती पडवीमागे जायची. माझा बेडका राखेत पुरायची, डबा गरम पाण्याने धुवायची. तिच्या स्वतःच्या तोंडात तर नुसती लाळ, ती चालणार नाही हे तिला ठाऊक झालं होतं. म्हणून ती सोमाजीला तिथेच पडवीमागे बोलावून त्याच्यापुढे डबा धरायची. सोमाजी त्यात खोकायचा. साफ, घट्ट, डॉक्टरांना आवडेल असा.

आमच्याकडे उसनं मागायला आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. चुलीतला विस्तव, विरजणाला ताक, मीठ, बी-भरणाचं धान, जे मागेल ते वाटीभर द्यायचं. नाही म्हणणं म्हणजे पाप. माझ्या लोकांनी तीच रीत क्षयाच्या वॉर्डात आणली होती. आणि आम्हीच पहिले नव्हतो. पडवीतल्या बायांना या व्यवहाराची पूर्ण माहिती होती. कोणाचा बेडका साफ आहे, कोण देतो, कोणाला लागतो, सगळं त्या चुलीपाशी ठरायचं. सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या नावावर तो डबा होता, त्या एकट्याला माहीत नव्हतं. गावभर दवंडी आणि घरधनी झोपेत.

मी तुळसाला काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच लिहितो, की मी मारलं नाही, आणि मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं असं तिच्या तोंडावर दिसत होतं. “तुमची हाडं काढून राह्यले होते,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मले वाटलं घरी गेल्यावर खाऊनपिऊन बरे व्हान. पोरीचं मले सुचलंच नाई. सुचलं तवा तुमी तिले घेऊन बसले होते. तवा कोनत्या तोंडानं सांगू?”

मी विचारलं, “रोज तर समोर बसायचीस. रोज!”

“म्हनून तं ओढून घेत होती तिले,” ती म्हणाली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी वर्गात शिकवलेलं होतं. त्याचा अर्थ मला त्या खोलीत कळला. परक्याने कापलेला गळा दुखतो. पण आपला म्हणून ज्याच्यापुढे मान ठेवली त्याने कापला, की दुखण्याआधी माणूस स्वतःलाच विचारतो, मी एवढा कसा मूर्ख?

आता मी पुन्हा त्याच ओसरीत, खाट वेगळी. शेवंताच्या गाठी टी.बी.च्याच होत्या. तिलाही सुया सुरू झाल्या. सुई दिसली की ती माझ्याकडे बघून ओरडायची, मीच टोचतो आहे असं. एका अर्थी खरंच होतं ते.

सोमाजी घरी गेला होता, पण हवा भरायला अधूनमधून यायचा. आला तसा सरळ माझ्या खाटेपाशी आला. पिशवीतून मूठभर लाखोळीच्या शेंगा काढून उशाशी ठेवल्या. मी त्या उचलून खाली टाकल्या.

“सोमाजीभाऊ, माझा बेडका खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“तरी म्हणालात, पोरीला मांडीवर घ्या.”

तो म्हणाला, “बाई पाया पडली मास्तर. दारात आलेल्या बाईले नाई कसा म्हनू? अन् तुमी येवढे खुश होते. खुश मानसाले काय सांगू?”

“खरं सांगायचं होतं.”

“मले वाटलं तुमी मरूनच राह्यले,” तो म्हणाला. “मरता मानूस पोरीले मांडीवर घेऊन तं मरल, असं वाटलं मले.”

मी त्याला जा म्हणालो. तो खाली वाकून एकेक शेंग वेचायला लागला आणि मी तोंड फिरवलं. आज तो कधी भेटला तर राम राम करीन. त्याच्यापुढे माझं मन मात्र आता उघडायचं नाही. तो वाईट माणूस नव्हता, आणि हीच गोष्ट गिळता येत नाही. वाईट माणसाने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

नव्या डॉक्टरांबद्दल लिहायलाच हवं, कारण त्यांच्यामुळे मी जिवंत आहे. त्यांनी पडवीतल्या बायांना बोलावलं. मला वाटलं आता खरडपट्टी. ते म्हणाले, “चूक आमची आहे. निकाल खराब आला की आम्ही तुमच्या माणसाला चारचौघांत झापत होतो, ऑपरेशनची भीती घालत होतो, आणि डबा तुमच्याच हातात देत होतो. मग दुसरं काय होणार?”

मी खाटेवर पडून हे ऐकलं आणि माझी शाळा आठवली. ज्या वर्षी छडी जास्त चालते, त्या वर्षी सगळ्यांच्या पाटीवर एकसारखंच उत्तर सापडतं. मास्तर खुश होतो. गणित कोणालाच येत नसतं. हे मला माहीत असून मी त्या ओसरीत महिनोन्महिने निजलो होतो.

त्यांनी पद्धतच बदलली. पहाटे उजाडलं की सगळ्या रुग्णांनी चिंचेखाली यायचं. उघड्यावर, वाऱ्यात, एकमेकांपासून लांब. सिस्टरच्या समोर खोकायचं, सिस्टरच्या समोर झाकण लावायचं, आणि डबा सिस्टरने न्यायचा. नातेवाइकाने डब्याला हात लावायचा नाही. ज्याला उठवत नाही त्याच्या खाटेपाशी सिस्टर जाईल. निकाल ज्याचा त्यालाच, हळू आवाजात सांगायचा. आणि नुसत्या बेडक्यावर कोणाला घरी सोडायचं नाही, प्लेट हवीच. प्लेटा नसतील तर रुग्ण थांबेल, पायरीवरचाही थांबेल.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात वॉर्डात हाहाकार झाला. ज्यांना शाबासक्या मिळत होत्या त्यांतल्या कितीतरी जणांचे बेडके एकदम खराब निघाले. एका घराने तर बिछाना गुंडाळून गाडी जुंपली. वॉर्डातले लोक माझ्याकडे रागाने बघायचे. “मास्तरनं घोळ केला, सगळ्याईचा साफ होता तं बरं चाललं होतं,” असं एक म्हातारा मला ऐकू जाईल असं बोलला. बरं चाललं होतं! चिंचेखाली एकेक डबा खरा निघायला लागला, तेव्हा कोणाला कुठलं औषध लागू पडतं आणि कोणाला नाही हे डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं. गोळी नवी आली होती, आयसोनियाझिड नावाची, लहानशी, स्वस्त. ती कोणाला द्यायची हे त्यामुळे ठरवता आलं. त्या म्हाताऱ्यालाही ती लागू पडली. आभार त्याने मानले नाहीत आणि मी वाटही पाहिली नाही.

मला मात्र शेवटी बरगड्या द्याव्याच लागल्या. भोक फार वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी केलं असतं तर कमी काढाव्या लागल्या असत्या. त्यांनी हे तुळसासमोर सांगितलं नाही. मी सांगितलं. मला सांगायचंच होतं.

लांबच्या दवाखान्यात, दोन खेपांत, ऑपरेशन झालं. जागं ठेवून, पाठीत सुया देऊन करतात. कापताना दुखत नाही, पण हाड तुटताना आवाज ऐकू येतो, कोणी ओल्या काटक्या मोडतो आहे असा. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी घाबरू नये. आवाज ऐकू येतो तोवर आपण जिवंत आहोत. आज माझा डावा खांदा उतरलेला आहे आणि सदरा एका बाजूने लोंबतो. पाण्यात बुडी मारणं संपलं. पोरांना पाढे म्हणवण्याएवढा दम आहे, तेवढा पुरतो.

शेवंताच्या गाठी फुटल्या, वाहिल्या आणि हळूहळू सुकल्या. कानाखाली सुरकुतलेला एक व्रण राहिला आहे. तिच्या लग्नाच्या वेळी लोक त्याबद्दल विचारतील. मी काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

लोक विचारतात, बायकोला माफ केलंस का? नाही केलं. ती रांधते, मी जेवतो. तिला ताप आला तर मी पेज करून देतो. तिने ते माझ्यावरच्या मायेने केलं हे मला कळतं, दहा वेळा कळतं. पण ज्या हाताने कोणी तुम्हाला पाणी पाजलं त्याच हाताने तुमच्या पोरीच्या तोंडाशी आजार धरला, हे कळणं आणि विसरणं यांच्यात फार लांबचा रस्ता आहे. मी त्यावर चालतो आहे. हवा कमी पडते.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर माझं एकच ऐका. आपला बेडका आपणच द्या, आणि द्याल तेव्हा कोणाला तरी समोर उभं करा. खराब आला तर येऊ द्या. त्या खराब निकालात तुमची पोर वाचते. आणि ज्याचं दुखणं आहे त्याच्यापासून लपवू नका. तो मरणाला भितो म्हणून त्याला खोटं सुख देऊ नका. ते सुख तो वाटून खातो, आणि ताटात लेकरं बसलेली असतात.

ऑपरेशननंतर पुष्कळ महिने मी मुलीला हात लावला नाही. महिन्याच्या महिन्याला चिंचेखाली उभा राहून आलो. एकामागून एक साफ आले, प्लेटही चांगली आली. डॉक्टरांनी हळू आवाजात मला एकट्याला सांगितलं, “आता घ्या.” मी गाडीने नागभीडला उतरलो आणि घरी आलो. शेवंता अंगणात खेळत होती, तुळसा दारात उभी होती. मी लांबूनच म्हटलं, साफ आहे.

तुळसाने पोरीचा दंड धरला आणि तिला आपल्यामागे ओढलं.

“तुमचाच होता?” तिने विचारलं.

“माझाच.”

“कोनी पाह्यलं?”

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, “सिस्टरने पाहिलं. डॉक्टरही होते. माझ्यासमोर झाकण लावलं, तिनेच नेलं. प्लेटही काढली.”

“परतेक खेपी?”

“प्रत्येक खेपी.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पोरीचा दंड सोडला. मी ओसरीत बसलो, आणि तिने शेवंताला उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवलं.